मेणाचा पाय

आमच्या वरच्या खोल्यांत राहणाऱ्या ज्ञानदाचं काम नक्की काय, हे मी आजवर चार जणींना चार तऱ्हांनी सांगितलंय. एकीला म्हटलं, सर्व्हे करते. दुसरीला म्हटलं, कंपनीत आहे. तिसरीला म्हटलं, घरूनच मोबाइलवर काहीतरी करते. चौथी फारच खोदून विचारायला लागली तेव्हा चिडून म्हटलं, तुला काय करायचंय, तुझ्या दुकानात येऊन काही मागते का ती? आणि मग माझी मीच चपापले, कारण ती दुकानातच जाते आणि मागतेच.

गुप्त गिऱ्हाईक म्हणतात त्याला. मलाही साठी उलटल्यावर कळलं की असं काम असतं. मोठमोठ्या दुकानांचे मालक कुठेतरी लांब बसलेले असतात, त्यांना कळायला हवं की आपली माणसं गिऱ्हाइकाशी कशी वागतात. मग एक एजन्सी साध्यासुध्या माणसांना दुकानात पाठवते. अमुक दुकानात जा, अमुक बतावणी कर, अमुक वस्तू घे. बाहेर आलं की फोनवर चाळीस प्रश्नांची उत्तरं भरायची. आत गेल्यावर किती वेळात कोणी नमस्कार केला, छातीवर नावाचा बिल्ला होता का, बिल्ल्यावर नाव काय, एक मागितल्यावर दुसरी वस्तूही दाखवली का. आणि एक नियम सगळ्यांच्या वर. आपण कोण हे मरेपर्यंत सांगायचं नाही.

आता गंमत बघा. हे काम करायला निघाली कोण, तर ज्ञानदा. विट्याची मुलगी. नवऱ्याला, जितेशला, वालीवमध्ये बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी विरारच्या बोळिंजला आमच्याकडे भाड्याने आली. पहिल्याच आठवड्यात मी कौतुकाने वाटीभर वालाची आमटी वर पाठवली, तर रिकामी वाटी परत करताना म्हणाली, "काकू, मीठ जास्त पडलंय की." माझ्या नवऱ्याची, चंद्रहासची, असं म्हणायची हिंमत लग्नाला अडतीस वर्षं होऊन झालेली नाही. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आमटी चाखली आणि गुपचूप वर जाऊन चहाला बोलावून आले.

अशी मुलगी. खोटं बोलायची वेळ आली की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. पण इथे तिला कोणी ओळखत नव्हतं, आणि या कामाला तोंड अनोळखीच लागतं. "विट्यात मी कुठल्याही दुकानात गेले असते तर लोकांनी आधी बाबांची तब्येत विचारली असती," ती म्हणायची. विरारला येऊन चार महिने ती आमच्याखेरीज कोणाशी बोललीच नव्हती. या कामामुळे निदान दुकानातल्या पोरींशी बोलणं व्हायचं. ती परत आली की आमच्या बाहेरच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून उत्तरं भरायची, आणि मी खालून विचारायचे, आज कोण होतीस? कधी नवी नवरी, कधी भाच्याचं लग्न असलेली मावशी.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या सुमारास वसईतल्या एका बुटांच्या दुकानाचं काम आलं. बतावणी अशी, की सात वर्षांची मुलगी आहे, तिची टाच दुखते, शाळेचे बूट हवेत. मूल बरोबर नसेल तर पायाचं माप कागदावर काढून न्यायचं. ज्ञानदाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती जिन्यावर बसून वर्तमानपत्रावर पेन्सिलीने पाऊल काढत होती, लांबी फोनवर बघून. काढलं आणि बघतच बसली.

"काकू, तुम्ही चला ना बरोबर. आजी असली की खरं वाटेल."

मला काय, हौसच. मी चांगली साडी नेसले.

दुकान गारेगार, सगळीकडे चामड्याचा वास. बिल्ल्यावर लविना नाव असलेली मुलगी आमच्याकडे आली. वसईचीच, ते बोलण्यावरून लगेच कळलं, असेल तेवीस-चोवीसची. तिने आम्हाला बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर मांडी घालून बसली. वर्तमानपत्राचं पाऊल गुडघ्यावर पसरलं, त्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "दुखतं कधी? चालताना की उठल्यावर?"

ज्ञानदाचे कान लाल झाले. ती म्हणाली, "दुखतं कधीकधी."

आता हे काय उत्तर झालं? मला वाटलं हिचं बिंग फुटणार. मी पुढे सरसावले. म्हटलं, "अगं बाई, काय सांगू. जिन्यावरून उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरते. टाच टेकवतच नाही. सकाळी पहिलं पाऊल टाकते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं तिच्या. वर्गातल्या मुली पळतात आणि आमची पिंकी भिंतीला टेकून बघत बसते."

पिंकी. हे नाव माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत होतं. ते मी त्या दिवशी ज्ञानदाला सांगितलं नाही, घरी आल्यावर चंद्रहासलाही नाही.

लविनाचा हात थांबला. तिने मागे काउंटरकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "ताई, मी दाखवतेय ते काळे नका घेऊ. नवीन आलेत, आम्हाला तेच विकायला सांगितलंय. पण मागची कड कडक आहे, टाच सोलवटेल. हे साधे घ्या, मऊ आहेत. आणि एकदा पायाच्या डॉक्टरला दाखवा हां. नुसते बूट बदलून हे जाणार नाही." निघताना दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, "आजी, पिंकीला सांगा, लविनाने सांगितलंय, होईल बरं."

बाहेर आल्यावर मला हसू फुटलं. म्हटलं, बघ कसं जमवलं. ज्ञानदा हसली नाही. बुटांचा खोका छातीशी धरून चालत होती.

घरी तिसऱ्या पायरीवर बसून तिने सगळे गुण पूर्ण दिले. आणि शेवटी जिथे आपल्या शब्दांत लिहायचं असतं तिथे मनापासून लिहिलं. मला वाचून दाखवलं ते आठवतंय. लविना यांनी महाग बूट विकण्याऐवजी ते मुलीच्या टाचेला त्रास देतील असं स्पष्ट सांगितलं, असा प्रामाणिकपणा मी आजवर कुठे पाहिला नाही, त्यांचा सत्कार व्हावा. मी म्हटलं, छान लिहिलंस. आम्ही दोघीही मूर्ख. दुकानाचा मालक ते कुठल्या डोळ्यांनी वाचेल हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांनी एजन्सीचा निरोप आला. आपल्या अहवालावर दुकानाने तातडीने कारवाई केली आहे, आभार. ज्ञानदाला वाटलं, सत्कार झाला. नियम मोडून ती वसईला गेली, नुसतं बाहेरून बघायला. लविना दिसली नाही. आत जाऊन दुसऱ्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "तिला काढलं. कंपनीचाच माल घेऊ नका म्हणून सांगत होती गिऱ्हाइकांना. कोणीतरी लिहून दिलं वरती."

त्या दिवशी ज्ञानदा आली ती जिना चढलीच नाही. खाली माझ्या ओट्यावर बसून राहिली. मी पाणी दिलं तर पेला हातातच धरून ठेवला. मग म्हणाली, "काकू, मी चांगलं लिहिलं होतं." तीनदा म्हणाली. मला राग आला, कोणावर ते कळेना, म्हणून तिच्यावरच काढला. म्हटलं, कोणी सांगितलं होतं एवढं लिहायला? तिने मान खाली घातली आणि मला स्वतःची लाज वाटली.

तिने एजन्सीला लिहिलं की तुमचा गैरसमज झालाय. उत्तर आलं, अहवाल गोपनीय असतात. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग ती नव्या कामांना जायची, पण बिल्ल्याकडे बघायचीच नाही. नावाची जागा कोरी सोडायची. एजन्सीने ताकीद दिली. "काकू, कुठल्याही दुकानात गेले की आधी तीच दिसते," म्हणायची. "खाली मांडी घालून बसलेली. मग ती मान वर करते आणि दुसरीच कोणीतरी असते."

आणि ते बूट. खोली लहान, म्हणून तिने ते जिन्याखालच्या कप्प्यात आमच्या चपलांशेजारी ठेवले. टाकून द्यायचा धीर तिला झाला नाही, कोणाला द्यावेत तर म्हणे, ते पिंकीचे आहेत. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पण मीही दिले नाहीत कोणाला. चांदीप गावाहून पुतळाबाई भाजी घेऊन येते, वीस वर्षं येते, माझं सगळं घर तिला पाठ. ती पाटी उतरवता उतरवता कप्प्याकडे बघून म्हणाली, "पोर कोनाची आनलीस गो बाय? दिसत नाय कुठं." मी म्हटलं, पाहुण्यांची आहे. पुढच्या खेपेला तिने पोरीसाठी म्हणून दोन पेरू जादा ठेवले. ते पेरू मी कापले, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून एक फोडही खाऊ शकलो नाही.

मग दुपारी जिना वाजायला लागला. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही, आमच्या वाडीत रात्री-अपरात्री एकटी फिरलेली आहे. पण भर दुपारी, चंद्रहास पेपर तोंडावर घेऊन पडलेला असताना, मी मधल्या खोलीत तांदूळ निवडत असले की एकेका पायरीवर पाऊल पडायचं. एक थांबून दुसरं. टाच न टेकवता. मी ऐकत बसायचे. तेवढ्यात वरून ज्ञानदा विचारायची, "काकू, कोण आलंय?" मी म्हणायचे, मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही हे तिलाही माहीत होतं.

एकदा पावसाची झड कप्प्यावर यायला लागली तेव्हा चंद्रहासने ते बूट उचलून आत आणले. "कोणाचे?" त्याने विचारलं. ज्ञानदा दारातच होती, तिने सवयीने सांगून टाकलं, "पिंकीचे." चंद्रहास माझ्याकडे बघायला लागला. बूट आपल्या सदऱ्याने पुसून कोरड्या जागी ठेवले आणि छत्री न घेता वाडीत निघून गेला.

सप्टेंबर सरत आला होता. मी आगाशीच्या नाक्यावर उतरले तर मागून हाक आली, "आजी." वळून बघते तर लविना. समोर पाटीत केळी, घरच्या वाडीतली.

"पिंकीचा पाय कसाय?"

खरं सांगायची हीच वेळ होती. माणसाच्या हातून चूक होते, पण एकदा. मी म्हटलं, "बराय गं आता. पळते."

तिचा चेहरा असा काही उजळला की मी केळ्यांकडे बघायला लागले. म्हणाली, "मग लागू पडलं बघा. मी वांद्र्याच्या जत्रेला गेले होते, मत माउलीला, माउंट मेरीला, मेणाचा पाय वाहिला तिच्या नावाने. तुमचा तो कागद माझ्याकडेच राहिलेला ना, त्याच्यावर ठेवून बघून घेतला, बरोबर तेवढाच." मग म्हणाली, "तिच्यासाठी जत्रेतले चणे पण आणलेत, घरी आहेत. तुम्ही कुठे राहता? बोळिंजला ना, राऊतांची वाडी? बिलावर लिहिलेलं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की येते. पळताना बघायचंय मला तिला." मी तुझी नोकरी काय म्हणते असं विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. वर दोन केळी माझ्या पिशवीत टाकली.

त्या रविवारला चार दिवस होते. मी ज्ञानदाला सगळं सांगितलं आणि लगेच उपायही सांगितला. मागच्या सोसायटीतल्या जागृतीची मुलगी सात-आठ वर्षांचीच आहे. तासभर मागून आणू, बूट घालू, अंगणात पळवू. चणे घेईल, लविना खूश होऊन जाईल, मिटलं. जितेश म्हणाला, त्यापेक्षा कुलूप लावून दिवसभर बाहेर जाऊ.

ज्ञानदाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, आणखी किती पोरी बनवायच्या?"

मी भडकले. म्हटलं, तुला खरेपणाचा कंड सुटलाय, पण ते ऐकून त्या मुलीचं काय होईल? तिची नोकरी परत येणार आहे का? गप्प बस, तेच पुण्याचं आहे. ती म्हणाली, "माझ्यामुळे ती घरी बसली आणि ती माझ्या नसलेल्या मुलीसाठी नवस करत फिरतेय. मी हे घेऊन जगू शकत नाही. तुम्ही जगता का?" मी सरळ खाली आले आणि उगाचच सगळी भांडी पुन्हा घासली.

रविवारी साडेनवाच्या सुमारास लविना आली. फुलाफुलांचा चर्चला जायचा ड्रेस, हातात कागदाची पुडी. अंगणात शिरताच तिने हाक मारली, "पिंकी." चंद्रहासने पेपर खाली ठेवला.

कोणीच आलं नाही, तेव्हा तिची नजर कप्प्याकडे गेली, पाऊस ओसरल्यावर बूट पुन्हा तिथेच होते. तिने वाकून एक बूट उचलला आणि उलटा केला. शेवटी बुटांच्या दुकानातली मुलगी. तळ कोरा करकरीत होता, धुळीचा कण नव्हता. तिने अंगठा फिरवून बघितला. "हे घातलेच नाहीत," ती म्हणाली.

ज्ञानदा जिना उतरून तिच्यासमोर उभी राहिली. एकेक शब्द नीट बोलली. मी गिऱ्हाईक नव्हते. मला पाठवलं होतं. तुमच्याबद्दल मीच लिहिलं. चांगलं म्हणून लिहिलं, पण लिहिलं मीच.

लविना म्हणाली, "माहितेय."

"कसं?" मी विचारलं.

"मॅनेजरने वाचून दाखवलं होतं ना मला. टाच सोलवटेल हे मी फक्त तुम्हालाच बोलले होते. त्याच दिवशी कळलं कोण ते."

"आणि तरी तू पाय वाहिलास?" मी विचारलं.

"रडले आधी. शिव्या पण दिल्या, खोटं कशाला बोलू. पण पोरीने काय केलं होतं, आजी? तिची टाच तर दुखतच होती."

मला वाटलं आता ज्ञानदा थांबेल. इथे थांबली असती तरी कोणी तिला नाव ठेवलं नसतं. माफी तर मिळालीच होती, न मागता. पण ती ज्ञानदा. तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "मुलगी नाहीये. मला मूलच नाही. तो कागद मी पेन्सिलीने काढला होता."

लविनाने हातातला बूट पुन्हा उलटा करून बघितला. आमच्यासमोर तिला पहिल्यांदाच राग आला होता, ओठ पांढरे पडले होते. "नोकरीचं सोडा," ती म्हणाली. "मी नऊ बुधवार नोव्हेनाची प्रार्थना केली. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी नाही मागितलं, हिच्यासाठी मागितलं. पोरगी तरी खरी ठेवायची होती. मी मागितलं कोणासाठी मग?"

ज्ञानदाला ते माहीतच नव्हतं. माहीत होतं ते आम्हा दोघांना, आणि चंद्रहास खुर्चीवरून माझ्याकडे बघत होता. सांग, असं म्हणत होता की नको सांगू, ते मला कळलं नाही.

"पिंकी होती," मी म्हटलं. "माझी. आमच्या मुलाच्या, सिद्धेशच्या आधीची. नऊ दिवस होती. बारसंही झालं नव्हतं, आम्ही आपलं पिंकी म्हणायचो. चौतीस वर्षं या घरात कोणी ते नाव घेतलं नाही. त्या दिवशी तू प्रेमाने विचारलंस आणि माझ्या तोंडून निघून गेलं."

ज्ञानदाने तोंडावर हात ठेवला. लविना हळूच खाली बसली, त्या दिवशी दुकानात बसली होती तशीच, मांडी घालून, बूट मांडीवर घेऊन. आता उठून जाईल असं मला वाटत होतं. गेली असती तर मी तिला थांबवलं नसतं.

तिने मान वर करून विचारलं, "पाय कसे होते तिचे?"

मी बोलणार होते, पण माझ्या आधी चंद्रहास बोलला.

"चांगले होते," तो म्हणाला. "दोन्ही चांगले होते."